चादर

नाटक चाळीस मिनिटांचं, प्रेक्षक जेमतेम पन्नास आणि मुख्य भूमिकेत अडीच फुटांची बाहुली. अंथरुणाला खिळलेली आई. मुलीचं काम नटी करते. आईला आम्ही तिघं काळ्या कपड्यांत, तोंडं झाकून टेबलावर चालवतो. डोकं आणि उजवा हात माझ्याकडे, डावा हात दुसऱ्याकडे, पाय तिसरीकडे. ही वाटणी बुनराकू या जपानी बाहुलीनाट्याची. तिथे नुसते पाय सांभाळण्यात दहा वर्षं घालवायची परंपरा. आम्हाला तालमींना मिळाले दोन महिने.

पुण्यातल्या त्या प्रयोगाला, दारावर ‘फक्त प्रौढांसाठी’ असं लिहूनही एक आजोबा नातवाला घेऊन आलेच. ‘‘बाहुल्यांचंच आहे ना?’’ हे नेहमीचं. १७०३ मध्ये ओसाकात चिकामात्सू मोन्झाएमोनने बाहुल्यांसाठी नाटक लिहिलं ते एका प्रेमी जोडप्याच्या आत्महत्येवर, पण हे दारात उभं राहून कुणाला सांगणार? आजोबा चिडून परत गेले.

आमचा हुकमी प्रसंग म्हणजे आंघोळ. मुलगी आईचा गाऊन काढते आणि ओल्या फडक्याने तिचं अंग पुसते. जिवंत नटीला असं उघडं ठेवणं आम्हाला जमलं नसतं, बघणाऱ्यांनाही सोसलं नसतं. बाहुलीला चालतं. ओघळलेली छाती, पोटावरची टाक्यांची रेघ, हे सगळं फोम आणि कापडातून करायला महिना गेला होता. त्या प्रसंगाला प्रेक्षागृहात कोणी खोकतसुद्धा नाही. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू!

त्या दिवशी नेमकी तिथेच, कूस वळवताना मानेची दोरी सुटली. डोकं माझ्या हातात, धड टेबलावर. गेल्या पाच प्रयोगांत ही तिसरी वेळ. मी डोकं खांद्याला टेकवून धरलं, डाव्या हातवाल्याने पाठीखालून श्वास चालू ठेवला. बाहुलीचा श्वास थांबला की ती लगेच वस्तू होते. नटीनेही प्रसंग ओळखून मानेखाली हात घातला. निभावलं.

नंतर लोक फोटो काढायला पुढे आले. गर्दी ओसरल्यावर पन्नाशीच्या एक बाई चपला काढून रंगमंचावर चढल्या. घरोघरी आजारी माणसांचं करायचं काम करतात. जिच्या आईचं त्यांनी दोन वर्षं केलं, ती मुलगीच त्यांना घेऊन आली होती. ती मागे खुर्चीत बसून राहिली.

‘‘दादा, हात लावू का?’’

मी मान हलवली. त्यांनी आधी बाहुलीकडे पाहिलं. ‘‘आजी, कूस बदलते हं,’’ असं म्हटलं आणि मगच हात लावला. पलीकडचा गुडघा मोडला, हात छातीवर घेतला, एक हात खांद्याला, दुसरा कमरेला, आणि अलगद स्वतःकडे वळवली. तीन माणसांना जे धड जमत नव्हतं ते एकटीने. डोकं तर माझ्याच हातात होतं, तरी ते आपोआप फिरल्यासारखं वाटलं.

‘‘तुमची ती मुलगी सगळं एकदम काढून टाकते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘असं नाही करत कोणी. थंडी वाजते. आणि म्हातारं झालं म्हणून लाज जाते होय? चादर राहू द्यायची अंगावर. जेवढं पुसायचं तेवढंच उघडं. पुसून झालं की झाका, मग पुढचं.’’

मी काहीतरी बोलायला गेलो, ‘नाटकात असं असतं’ छापाचं, आणि गप्प बसलो. महिनाभर खपून केलेली ती टाक्यांची रेघ चादरीखाली जाणार, हे तेव्हाच कळलं होतं.

पुढच्या प्रयोगापासून तसंच करतो. जुन्या सुती साडीचा तुकडा. मुलगी हात पुसते, झाकते. पाय पुसते, झाकते. प्रसंग दोन मिनिटांनी लांबला. पोट आता दिसतच नाही. फोटोंना मात्र पूर्वीसारखी मजा येत नाही, असं आमचा छायाचित्रकार म्हणतो.

निघताना त्यांनी विचारलं होतं, ‘‘हिला ठेवता कुठे?’’

मी बॅग दाखवली. बाहुली गुडघे पोटाशी घेऊन, मान छातीवर दुमडून कशी बसते तेही दाखवलं.

‘‘मग मान तुटेल नाहीतर काय,’’ त्या म्हणाल्या, आणि खांद्यावरच्या पिशवीतून एक जुना नॅपकिन काढून गुंडाळायला लागल्या.