व्हेर्नात्झाची खोली आणि व्हिसाची खिडकी

चिंक्वे तेर्रेचे फोटो पाहून सगळे विचारतात, 'कसं जमवलंत?' विमान, रेल्वे, जेवण यांत काही अवघड नाही. घाम फुटतो तो व्हिसा केंद्राच्या खिडकीवर.

इटलीच्या किनाऱ्यावरच्या या पाच गावांत बरेच लोक घरातल्याच खोल्या पर्यटकांना देतात. आम्हीही व्हेर्नात्झात अशीच एक खोली घेतली. बुकिंगच्या कागदावर नाव माझं, खाली 'दोन प्रौढ'. खिडकीतल्या बाईंनी तिथेच पेन टेकवलं.

"मिस्टरांचं नाव कुठंय?"

"दुसरा प्रौढ म्हणजे हेच. शेजारीच बसलेत."

"कोणीही असू शकतं, मॅडम. दोघांची नावं असलेलं पत्र आणा, नाहीतर 'कागद अपुरे' लिहून सही करा."

सही केली आणि व्हिसा नाकारला, तर माणशी ९० युरो फी बुडाली! लग्नाचा दाखला दाखवला, जॉइंट अकाउंटचं स्टेटमेंट दाखवलं. बाई ढिम्म. घरमालकाला मेल टाकला. आपल्याकडे अकरा, म्हणजे उन्हाळ्यात तिकडे सकाळचे साडेसात. नवरा म्हणे, "उठला असेल." उठला नव्हता. शेजारी जादा पैसे भरून बसायचं लाउंज होतं; तिथे तरी दुसरा प्रौढ ओळखला असता का, देव जाणे. जेवणाच्या सुट्टीनंतर दोन ओळींचं उत्तर आलं. तर बाई म्हणे, "शिक्का?" पुन्हा मेल. शेवटी वाकडा स्कॅन केलेला, शिक्क्याचा कागद आला, तो बाईंनी न वाचताच स्टेपल केला.

तेव्हा बुकिंग करतानाच सगळ्यांची नावं पासपोर्टप्रमाणे घालून घ्या. विमा किमान ३०,००० युरोचा हवा. याच व्हिसावर फ्रान्सही करणार असाल, तर जिथे जास्त मुक्काम त्या देशाकडे अर्ज. मुक्काम सारखाच असेल, तर जिथे आधी उतरणार तिकडे.

गंमत म्हणजे व्हेर्नात्झात पोचल्यावर मालकाने पहिल्यांदा दोघांचेही पासपोर्ट मागितले. इटलीत प्रत्येक पाहुण्याची नोंद पोलिसांना कळवावीच लागते. मग तो शिक्का कशाला हवा होता?

हां, विसरले. व्हिया देल्लामोरे ही समुद्रालगतची वाट २०१२च्या दरडीनंतर बंद होती, ती २०२४ मध्ये उघडली. तिकीट वेळेप्रमाणे मिळतं, आधीच काढा. रिओमाज्जोरेकडून मानारोलाकडे जायचं, उलट नाही. डोंगरवाटांवर चपला घालून गेलात तर दंड होतो. आणि कोर्निल्या स्टेशनवरून गावात चढायला पावणेचारशेच्या वर पायऱ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर सरळ बस पकडा.