कुंभार्ली घाट, एबीएसचा दिवा आणि 38 हजारांचं मॉड्युल

पावसाळ्यात पुण्याहून गुहागरला गाडीने निघणाऱ्यांनी एवढं एक लक्षात ठेवा. एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागला आणि कोणी स्कॅनर (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावून पाच मिनिटांत "मॉड्युल गेलं", म्हणजे त्या यंत्रणेचा मेंदूच गेला, म्हणालं, तर खिशात हात घालू नका. एबीएस प्रत्येक चाकाचा वेग सेन्सरने मोजतं, म्हणून आधी चारही चाकांच्या वेगाचे आकडे दाखवायला सांगा. दाखवता येत नसतील, तर गाडी काढा आणि पुढे चला.

उंब्रजपर्यंत हायवे आहे, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. उजवीकडे वळून पाटण, कोयनानगर. आम्ही गेलो तेव्हा रात्रभर पाऊस झाला होता आणि पाटणच्या पुढे रस्त्यावर इतकं पाणी होतं की खड्डा किती खोल ते चाक आत गेल्यावरच कळायचं. अशाच एका खड्ड्यातून बाहेर पडताना पिवळा दिवा लागला, पाठोपाठ ट्रॅक्शन कंट्रोलचाही (वेग घेताना चाक जागीच फिरू न देणारी यंत्रणा). समोर कुंभार्ली घाट, उताराचा, धुक्यात, मालट्रकांच्या मागे.

गाडी बाजूला घेऊन पहिली गोष्ट बघायची ती लाल ब्रेकचा दिवा. हँडब्रेक सोडूनही लाल दिवा लागलेला असेल, तर घाट उतरूच नका. ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं, किंवा पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी ईबीडी बंद पडलेली असू शकते. ऑइलची पातळी बघा, पेडल दाबून बघा. पेडल मऊ लागलं तर टोइंगला फोन. आमचा लाल दिवा बंद होता, ऑइल बरोबर होतं, पेडल कडक होतं. याचा अर्थ नेहमीचे ब्रेक शाबूत. एबीएस नसताना जोरात ब्रेक मारला तर चाक जाम होऊन घसरतं, आणि जाम झालेलं पुढचं चाक स्टिअरिंग ऐकत नाही. म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर उतरायचं, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवायचं, आणि चाक घसरलंच तर पेडल क्षणभर सोडून पुन्हा दाबायचं. पोफळीपर्यंत तसेच उतरलो. खांदे दुखायला लागले, पण गाडी एकदाही घसरली नाही.

घाटाखालच्या एका गॅरेजमध्ये खरा त्रास झाला. माणसाने स्वस्तातला स्कॅनर लावला, मोबाइलवर काहीतरी आलं आणि निकाल: "साहेब, मॉड्युल गेलंय. 38 हजार. असेच गेलात तर ब्रेक लागणार नाहीत." शेवटचं वाक्य तर सरळ खोटं होतं. गाडीत लहान मूल बसलेलं बघून ते वाक्य बोललं जातं, याचा मला अजून राग येतो. त्याच्या स्क्रीनवर फक्त P ने सुरू होणारा, म्हणजे इंजिनाच्या बाजूचा, कोड होता. एबीएसचे कोड बहुतेक C ने सुरू होतात आणि साधे स्कॅनर ते वाचतच नाहीत. शिवाय मॉड्युल बदललं तर बऱ्याच गाड्यांत ते त्या गाडीसाठी प्रोग्राम करावं लागतं आणि ब्रेकमधली हवा काढताना स्कॅनरवरून पंप चालवावा लागतो. हे कसं करणार विचारलं, तर उत्तर नाही. तपासणीचे म्हणून 800 रुपये घेतलेच.

गुहागरचे दिवस छान गेले.

परत येताना घाट चढायचा होता, त्यामुळे धाकधूक कमी. कराडला एका ऑटो इलेक्ट्रिशियनने C0035 काढून दाखवला: पुढचं डावं चाक, स्पीड सेन्सर. मग लाइव्ह डेटा, म्हणजे चालत्या गाडीतले सेन्सरचे आकडे, लावून मला गाडी हळू चालवायला सांगितली. तीन चाकं 22, 22, 22 आणि डावं पुढचं शून्य. दोन मिनिटांचं काम! चाक काढल्यावर दिसलं की शॉकअपवरची क्लिप तुटून सेन्सरची वायर लोंबत होती आणि टायरला घासून सोलली होती. त्यात पाणी गेलं. त्याने वायर जोडून, स्लीव्ह घालून घट्ट बांधली. 450 रुपये. थोडं अंतर चालवल्यावर दिवा आपोआप गेला. मात्र या जोडावर वर्षभर विसंबू नये. पुण्यात आल्यावर वायरसकट नवा सेन्सर बसवला, 1,900 रुपये.

वायर चांगली असेल तर कपलर (वायरीचा प्लग) उघडून बघा, हिरवा गंज किंवा पाणी असतं. सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा चुरा चिकटतो, तो कापडाने पुसला तरी काम होतं. नुकतंच बेअरिंग बदललं असेल तर तिथेच संशय घ्या: अनेक बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकीय रिंग असते, तिच्यावरूनच सेन्सर वेग मोजतो; बेअरिंग उलटं बसलं तर सेन्सरला काहीच दिसत नाही. थांबता थांबता, अगदी माणसाच्या चालीच्या वेगाला, पेडल थरथरत असेल तर रिंगला तडा किंवा घाण. बॅटरी मरगळलेली असली तरी हा दिवा लागतो, आणि फ्यूज तर सगळ्यांत आधी बघायचा. मॉड्युलचा नंबर या सगळ्यानंतर.

पावसाळ्यात कुंभार्ली अंधार पडल्यावर उतरू नका, एबीएस चालू असलं तरी. सकाळी लवकर निघा, म्हणजे घाट दिवसाउजेडी पार होईल आणि काही बिघडलंच तर पाटण-कराडकडे मागे फिरता येईल. घाट उतरून मग गॅरेज शोधण्यापेक्षा ते बरं. आणि निघण्याआधी पुढची दोन्ही चाकं पूर्ण वळवून आतल्या वायरींच्या क्लिपा एकदा हाताने ओढून बघा.