जुन्या युफोनियमचे वय आणि मोल ठरवताना : माझा अनुभव

आमच्या घरातले पितळी युफोनियम, म्हणजे फुंकून वाजवायचे मोठ्या भोंग्याचे वाद्य, आजोबांच्या बॅण्डपथकातले. निजामाच्या राजवटीत परभणी-जालना भागातल्या वरातींत ते वाजत असे. परदेशातील एका संग्राहकाने त्याला चांगली किंमत देऊ केली, तेव्हा पहिला प्रश्न उभा राहिला तो वयाचा. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षे ओलांडलेली, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्याहून अलीकडची असल्यास तसा दाखला हाती असावा लागतो.

वाद्य स्वतःच पुष्कळ सांगते. भोंग्यावर लंडनच्या रीजंट स्ट्रीटवरील बूझी अँड कंपनीचे नाव कोरलेले होते. ही कंपनी १९३० मध्ये हॉक्स अँड सनशी एकत्र होऊन बूझी अँड हॉक्स झाली, त्यामुळे वाद्य त्याआधीचे हे उघड होते. पिस्टनांची, म्हणजे स्वर बदलण्यासाठी बोटांनी दाबायच्या दट्ट्यांची, रचना याच कंपनीतल्या ब्लेकली यांनी १८७४ मध्ये पेटंट घेतलेली, म्हणजे वाद्य त्यानंतरचे. मधल्या या लांब काळातले नेमके साल ठरते ते पिस्टनच्या नळकांड्यावरील कारखान्याच्या क्रमांकावरून.

तो क्रमांक मी वाचून दिल्यावरही ज्या कार्यालयात दाखल्यासाठीचा आमचा अर्ज अडकला, तिथला संताप अजून उतरलेला नाही. अर्जाचा नमुना मूर्ती आणि चित्रे डोळ्यांसमोर ठेवून केलेला होता, त्यात क्रमांकाला रकानाच नव्हता. आवक नोंदवहीत लिपिकाने 'पितळी भांडे, जुने, नग १' असे लिहिले आणि पुढच्या वेळी गेलो तेव्हा युफोनियम या नावाने फाइल सापडेना. मी दुरुस्तीचा अर्ज दिला. त्यावर मूल्यांकन जोडा, असा शेरा आला. सांगितलेले मूल्यांकनकार सोन्याचांदीचे जाणकार. त्यांनी वाद्य काट्यावर ठेवले आणि मोडीच्या भावाने आकडा लिहून दिला. वाद्याचे मोल पितळेच्या वजनात नसते, पिस्टन घट्ट आणि हवाबंद आहेत का, नळ्यांना डाग (झाळकाम) दिलेले आहेत का आणि मूळ माउथपीस आहे का यांत असते, हे मी साहेबांना तोंडी आणि लेखी सांगितले. ते ऐकून घेत आणि 'बघू' म्हणत. ज्या माणसाला वस्तू ओळखता येत नाही त्याने ती ओळखणाऱ्याकडे पाठवावी, एवढीच माझी अपेक्षा होती आणि ती गैर नव्हती.

क्रमांक वाचण्याविषयी सांगायचे राहिले. वर्षानुवर्षे चिंचेने घासल्यामुळे आमच्या वाद्यावरचे आकडे जवळपास पुसले गेले होते. पातळ कागद ठेवून त्यावर शिसपेन्सिल आडवी फिरवली, तेव्हा ते उमटले. आपले वाद्य चिंच किंवा पॉलिश लावून चकचकीत करू नका आणि तांबटाकडे डाग द्यायला तर अजिबात नेऊ नका.

या कंपनीच्या उत्पादनाच्या नोंदवह्या लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात आहेत. तिथे तो क्रमांक आणि छायाचित्रे पाठवली, आणि साल आले १९१२. ते उत्तर जोडताच कार्यालयाने अर्ज निकाली काढला: वस्तू शंभर वर्षांपुढची, निर्यात नाही. निकाल योग्यच होता. तो इतक्या उशिरा आला, याचे मात्र वाईट वाटते.

देशात मोल ठरवताना स्वराचा विचार आवर्जून करा. त्या काळातल्या ब्रिटिश बॅण्डचा 'ए', म्हणजे वाद्ये जुळवण्याचा स्वर, सेकंदाला सुमारे ४५२ कंपनांचा असे, आज ४४० चा असतो. जवळजवळ पाव स्वराच्या या फरकामुळे आजच्या पथकात असे वाद्य मिसळत नाही, वादक ते घेत नाहीत आणि गिऱ्हाईक संग्राहकच उरतो. मेरठच्या जाळी कोठीत, म्हणजे बॅण्डची वाद्ये बनवणाऱ्या तिथल्या वस्तीत, तयार झालेल्या वाद्यांशी तुलना करून भाव सांगणारेही भेटतात; ती वाद्ये वाजवायला उत्तम आहेत, पण त्यांचा हिशेब वेगळा. आम्हाला देशातल्या एका संग्राहकाने सांगितलेला भाव मोडीच्या आकड्याच्या कितीतरी पट निघाला. मूल्यांकनाचा तो जुना कागद मी फाइलमधून काढून टाकण्याची लेखी विनंती केली आहे.