नसलेल्या माशांचा खाऊ

फिशटँक घ्यायचं ठरल्यापासून पहिला मासा घरात येईपर्यंत महिना उलटून गेला. त्यातला बराचसा काळ टाकी सोप्यात भरलेली होती, दिवा लागत होता, फिल्टर बुडबुडत होता आणि आत एकही मासा नव्हता. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत दार उघडं दिसलं की माणसं आत येतातच. येणारा प्रत्येक जण वाकून बघायचा, दगडांच्या मागं नजर टाकायचा आणि मग माझ्याकडं बघायचा. गल्लीतल्या एका काकांनी तर सरळ विचारलं, "वहिनी, नुसतं पाणीच पाळलंय व्हय?"

हौस लेकीची. दुकानात काचेचं गोल भांडं, दोन गोल्डफिश, रंगीत खडे आणि खाद्याची डबी असा तयार सेट मिळत होता. "आजच घेऊन जावा, काय करायला लागत नाही," असं दुकानदार म्हणाला. मी त्याच संध्याकाळी कळंब्याच्या मावसभावाला फोन केला. तो कॉलेजात होता तेव्हापासून मासे पाळतो. "आक्का, ते भांडं आणू नको," एवढंच तो पहिल्यांदा म्हणाला, आणि मग पुढं अर्धा तास बोलत होता.

त्याचं म्हणणं असं: गोल्डफिश खातो भरपूर आणि घाणही तितकीच करतो. नीट जगला तर वीतभर सहज वाढतो आणि वर्षानुवर्षं जगतो. त्याला वाडगाभर पाण्यात ठेवायचं म्हणजे संडासात संसार मांडायला लावायचा. लहान टाकी सांभाळायला सोपी असं आपल्याला वाटतं, पण पाणी जितकं कमी तितकी त्यातली घाण लवकर दाट होते, आणि ऊनथंडीचा फरकही त्याला लगेच जाणवतो. म्हणून नवख्या माणसानं थोडी मोठीच टाकी घ्यावी. आम्ही दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी घेतली. घनफुटाला सव्वाअठ्ठावीस लिटर धरलं तर ही काठोकाठ सत्तर लिटरची. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा सोडून आत साठ लिटर पाणी राहतं.

ह्यांना सगळ्यात आवडलेला भाग स्टँडचा. उद्यमनगरात ह्यांचं वर्कशॉप आहे, त्यामुळं चौकोनी पाइपचा स्टँड दोन दिवसांत वेल्ड होऊन, रंग मारून आला. मला टाकी माळ्यावरच्या खोलीत हवी होती. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, साफ नाही म्हटलं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. काच, वाळू, दगड धरले की पाऊण क्विंटलच्या वर वजन कायमचं एका जागी उभं राहणार, आणि आमचा माळा आजोबांच्या काळातल्या लाकडी तुळयांवरचा. मग टाकी खाली सोप्यात, खिडकीपासून लांब, कारण थेट ऊन आलं की शेवाळ माजतं. स्टँडवर पाणसळ ठेवून चारी पाय एका पातळीत आणले, वर प्लायवूड आणि त्यावर थर्माकोलची शीट. खाली बारीक खडा किंवा उंचवटा राहिला तर काचेवर एकाच ठिकाणी जोर येतो आणि ती तडकते. थर्माकोल तो जोर पसरवतो.

टाकी आधी परसात जुन्या वर्तमानपत्रांवर ठेवून, भरून, एक दिवस तशीच सोडली. कागद कोरडे राहिले. सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा वास सुरुवातीला येत होता, तो सुकताना येतोच. वाळू धुणं हे मात्र कंबर मोडणारं काम. पाणी नितळ येईपर्यंत धुवायची, आणि साबण अजिबात लावायचा नाही. दगड लेकीनं माझ्या माहेरच्या ओढ्यातून गोळा केले होते. प्रत्येकावर व्हिनेगरचे थेंब टाकून बघितलं. काळ्या पाषाणाला काही होत नाही. पांढरट, चुनखडीच्या दगडांवर फेस आला, ते बाजूला काढले, कारण ते पाण्यात हळूहळू विरघळून पाणी जड करत राहतात. शिंपले, संगमरवराचे तुकडे ह्यांचंही तेच.

पाणी नळाचंच. नळाला क्लोरीन असतो, तो आपल्यासाठी बरा, पण माशांच्या कल्ल्यांना जाळतो. उघड्या बादल्यांत पाणी चोवीस तास ठेवलं की तो बहुतेक उडून जातो. घाई असेल तर दुकानात अँटी-क्लोरीन मिळतं. त्यात सोडियम थायोसल्फेट असतं, थेंब मोजून घालायचे. मी दोन्ही करते.

इथून पुढं खरं काम सुरू झालं, आणि ते बाहेरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही.

माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. उरलेलं खाद्य कुजलं तरी अमोनियाच. नदीत तो वाहून जातो, टाकीत तो साठतो आणि माशालाच मारतो. निसर्गात ह्यावर जीवाणूंची सोय असते: एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट करते. नायट्राइटही विषारीच, तो रक्तात शिरला की माशाच्या रक्ताला प्राणवायू नेता येत नाही. नायट्रेट मात्र माशाला बऱ्यापैकी सोसतो, आणि थोडं पाणी बदललं, वनस्पती लावल्या की आटोक्यात राहतो. हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजात, वाळूत, काचेवर घर करतात. पण वाढतात फार सावकाश. सगळी साखळी बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टाकी आणली, त्याच दिवशी मासे सोडले आणि आठवड्यात मेले, हे जे घरोघरी घडतं, त्याचं कारण बहुधा हेच असतं. लोक म्हणतात, दुकानातले मासेच खराब होते.

आता जीवाणू वाढायचे तर त्यांना अमोनिया हवा, आणि मासा तर सोडायचा नाही. त्यावर उपाय असा की रोज चिमूटभर माशांचं खाद्य रिकाम्या टाकीत टाकायचं आणि ते कुजू द्यायचं. पहिल्याच सकाळी आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, बघितलं.

"नसलेल्या माशांस्नी खाया घालाय लागलीयास व्हय गं?"

मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. अमोनिया, नायट्राइट म्हटल्यावर त्या भाजी निवडायला बसल्या. चारेक दिवसांत पाणी दुधट झालं, तेव्हा "मी म्हटलंच होतं" असा चेहरा. हे पाणी बदलायचं नसतं; नवीन टाकीत जीवाणूंची पहिली झुंबड उडते तिचा तो रंग, आपोआप निवळतो. तसं ते निवळलं. मग मावसभाऊ कळंब्याहून त्याच्या जुन्या फिल्टरमधला एक स्पंज त्याच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, पिशवीत घालून घेऊन आला. तपकिरी, गाळानं भरलेला. तो त्यानं आमच्या टाकीत पिळला आणि तसाच आत ठेवून दिला. निवळलेलं पाणी पुन्हा गढूळ. आत्ती दारातून बघत होत्या. "म्हंजे विरजण लावलंस म्हण की," त्या म्हणाल्या, आणि त्यानंतर येणाऱ्याजाणाऱ्याला त्याच समजावून सांगायला लागल्या. माझ्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानापेक्षा ते बरं होतं.

ह्या काळात एक किट फार कामाला आलं. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, थेंब घालायचे, रंग तक्त्याशी ताडायचा. आमच्या किटमध्ये अमोनिया असला की पिवळ्याचं हिरवं होतं, नायट्राइट असला की निळ्याचं जांभळं. वहीत रोजचे रंग लिहायचं काम लेकीकडं. आधी हिरवं गडद होत गेलं, मग फिकं व्हायला लागलं आणि जांभळं चढलं. हे जांभळं काही केल्या उतरेना. सगळ्यात चिवट टप्पा हाच. अमोनिया शून्य झाला म्हणून मासे आणायचा मोह होतो, तो इथं आवरावा लागतो. एके दिवशी दोन्ही रंग मूळ पिवळ्या-निळ्यावर आले, खाद्य टाकूनही दुसऱ्या दिवशी तिथंच राहिले आणि नायट्रेट दिसायला लागला. मावसभाऊ फोनवर म्हणाला, "आता जावा दुकानात."

मधल्या काळात मामांचा एकच प्रश्न होता: फिल्टर रात्रीही कशाला? तर जीवाणूंना प्राणवायू सतत लागतो, फिल्टर चालवणारा पंप बरेच तास बंद राहिला की ते मरायला लागतात. बिलाचा हिशेब मी त्यांच्यासमोरच मांडला. पाच वॅटचा एअर पंप चोवीस तास, महिनाभर चालला तर साडेतीन युनिटच्या आसपास. मामा गप्प झाले. वळवाच्या पावसात लाइट जाते, म्हणून पंप इन्व्हर्टरवर घेतलाय आणि टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगलाय. खाली असला तर लाइट गेल्यावर नळीतून पाणी उलटं येऊन पंपात आणि बोर्डात जाऊ शकतं. हीटर थंडीतच चालतो. इथं डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा चौदा-पंधरापर्यंत उतरतो आणि आमच्या माशांना चोवीस-सव्वीस अंश लागतात. लिटरला साधारण एक वॅट हा हिशेब. पाणी बदलताना हीटर आधी बंद करायचा, नाहीतर तापलेली काच उघडी पडून फुटते.

वनस्पतींबद्दल फार सांगत नाही. व्हॅलिसनेरिया लावली, वाढली. तिच्याबरोबर गोगलगायी फुकट आल्या.

पहिले मासे म्हणून गप्पी आणले, फक्त नर. मादी दुकानातूनच गाभण येते आणि एकदा झालेल्या मिलनावर पुढची कित्येक वेतं काढते, महिन्याला एक. गप्पी म्हटल्यावर आत्ती उसळल्याच: "हे तर हौदात सोडत्यात की डासांसाठी! पैसं देऊन आणलंस?" खरं आहे, डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य विभाग टाक्यांत आणि विहिरींत सोडतो तोच हा मासा. दुकानातल्याची शेपटी निवडून निवडून रंगीत केलेली, एवढाच फरक. पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवली, मधून मधून वाटीभर टाकीचं पाणी तिच्यात घातलं आणि मग जाळीनं मासे सोडले. पिशवीतलं पाणी टाकीत ओतलं नाही. झेब्रा मासे त्यानंतर, रंग परत तपासून. सगळे एकदम सोडले तर जीवाणूंवर भार वाढतो.

आता आठवड्याला पाव हिस्सा पाणी नळीनं काढते, तळातला गाळ ओढत. ते पाणी कढीपत्त्याला आणि तुळशीला जातं, खतच आहे ते. स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा, नळाखाली कधीच नाही. क्लोरीननं महिन्याची कमाई एका मिनिटात जाते. जुलै-ऑगस्टात दोन बॅरल भरून ठेवते. 2019 आणि 2021 च्या महापुरात उपसा केंद्रं बुडाली आणि नदी फुगलेली असताना नळ कोरडे पडले होते, ते पेठेत कुणी विसरलेलं नाही.

मासे वाढले तर काय, असं विचारलं की कुणीतरी हमखास म्हणतं, रंकाळा तलावात सोडा. ते करायचं नाही. गप्पीसारखे परदेशी मासे मोठ्या पाण्यात टिकले तर इथल्या माशांचा चारा आणि जागा घेतात. काच साफ करायला म्हणून विकला जाणारा सकर मासा दक्षिण अमेरिकेतला, तो असाच आपल्या नद्यांत आणि धरणांत पोचलाय. जास्तीचे मासे मावसभावाकडं जातील.

जोतिबाच्या यात्रेला आणि मग तसंच माहेरी जायचं होतं तेव्हा खाद्याचा प्रश्न आला. धडधाकट मासे तीन-चार दिवस काही न खाता मजेत राहतात, पण "उपाशी ठेवून देवाला जायचं?" म्हणून आत्ती हलायला तयार नव्हत्या. शेजारच्या काकूंकडं डबी दिली असती तर त्यांनी मायेनं निम्मी रिकामी केली असती. मग वर्तमानपत्राच्या कागदाच्या पुड्या केल्या, प्रत्येकीत दोन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य, वर वार लिहिला आणि डबी कपाटात कुलपात ठेवली. परत आलो तर सगळ्या पुड्या रिकाम्या, मासे ठणठणीत, आणि काकूंची तक्रार, "एवढ्यानं त्यांचं पोट कसं भरतंय गं?"