साडेसतरा टक्क्यांची भाषा

छोट्या पक्षांबद्दल वाचायचं मला जुनंच वेड आहे आणि या आठवड्यात हाताला लागलाय ऑस्ट्रियातल्या कारिंथिया प्रांतातला 'एनोत्ना लिस्टा', स्लोव्हेन बोलणाऱ्यांचा पक्ष. नावाचा अर्थ नुसता 'एकत्र यादी', भपका म्हणून नाही. स्थापना 1970 च्या दशकातली. काळ लक्षात घ्या, कारण 1972 मध्ये गावांच्या वेशीवर गावाचं नाव सांगणाऱ्या जर्मन-स्लोव्हेन पाट्या लावल्या होत्या आणि जमावाने त्या उपटून फेकल्या! बरं, पाट्यांचं आश्वासन महायुद्धानंतर ऑस्ट्रियाला पुन्हा स्वतंत्र करणाऱ्या 1955 च्या राज्य-करारात कलम 7 मध्ये लिहून दिलेलं, पण कागदावरचं वेशीवर यायला अख्खं आयुष्य जातं.

1976 च्या कायद्याने पाटीसाठी गावात 25 टक्के स्लोव्हेन लोक हवेत अशी अट घातली. मग रूडी व्होउक नावाच्या वकिलाने काय केलं, तर गावाच्या पाटीपासून सुरू होणाऱ्या 50 च्या वेगमर्यादेत गाडी 65 ने हाणली आणि दंड आल्यावर म्हणाला की पाटी दोन्ही भाषांत नाही, मग हद्द सुरू झाली हे कायद्याने ठरतंच कसं? डोकं बघा माणसाचं! प्रकरण थेट घटना न्यायालयात गेलं आणि 2001 मध्ये 25 ची अट उडाली, साधारण 10 टक्के पुरे असं कोर्ट म्हणालं. प्रांताचा प्रमुख तेव्हा योर्ग हायडर, तो काय ऐकतोय, त्याने 2006 मध्ये चक्क पाट्याच काही मीटर सरकवल्या म्हणजे जुन्या निकालातली जागा ही नव्हेच असं म्हणता यावं. शेवटी 2011 मध्ये तडजोड झाली, 164 गावं आणि अट साडेसतरा टक्के. आता 10 आणि 25 चा मध्य काढून बघा, बरोब्बर साडेसतरा. हक्काचा असा भाव ठरवलेला मी तरी पहिल्यांदाच बघितला.

आणि पक्षाचं स्वतःचं गणितही टक्क्यांतच अडकलंय. प्रांताच्या विधानसभेत जायला 5 टक्के मतं लागतात, एवढी एकट्या स्लोव्हेन मतांतून येणार कुठून? (शेजारी इटलीत त्रिएस्तेकडच्या स्लोव्हेन पक्षासाठी हाच उंबरठा मुद्दाम खाली ठेवलाय, ते वेगळंच.) 1986 मध्ये कारेल स्मोले हा स्लोव्हेन नेता व्हिएन्नाच्या संसदेत गेला तोही ग्रीन पक्षाच्या यादीतून. त्यामुळे एनोत्ना लिस्टाची खरी ताकद गावांच्या कौन्सिलांत आहे, आणि 2009 मध्ये झेलेझ्ना काप्लात, म्हणजे जर्मनमधल्या आइझेनकाप्पेलमध्ये, त्यांचा मेयरही निवडून आला.