पाटलाची मिशी

आमच्या शाळेत फलकावर ‘वार्षिक स्नेहसंमेलन’ असं रंगीत खडूनं लिहिलेलं असायचं, पण तोंडी शब्द एकच, गॅदरिंग. मी तीन वर्षं पडदा ओढला. मानमरातब शून्य, पण विंगेत उभं राहायला मिळायचं. (शेवटच्या वर्षी दोरी अडकली आणि मुख्याध्यापक भाषणभर अर्धेच दिसले. कुणी तक्रार केली नाही.)

नाटकात पाटील ठरलेला, आमच्या शिपाईकाकांचा मुलगा. त्यानं ‘कोण हाय रं तिकडं’ म्हटलं की पुढच्या रांगेतली पोरं आईला चिकटायची. फेटा उसना, धोतर सरांचं, वहाणा दोन नंबर मोठ्या. पुढे कागद कोंबूनही त्या निसटायच्या, म्हणून तो पाय घासत चालायचा आणि आम्हाला वाटायचं, काय रुबाब आहे!

नाटक बसवणारे सर त्याला निळू फुल्यांबद्दल सांगत. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात, माळीकाम करणारा पोरगा, 80 रुपये पगार, त्यातले 10 राष्ट्र सेवा दलाला. सेवा दलाच्या कलापथकातून हा नट घडला. 1968 साली ‘एक गाव बारा भानगडी’ आला आणि पुढं पडद्यावरची पाटीलकी अशी केली, की बायका खरोखर बोटं मोडायच्या. राहणं मात्र अखेरपर्यंत साधंच. सर म्हणायचे, “बागेत वाकून काम केलेल्याला मालक कसा चालतो ते बरोबर दिसतं. खालून बघितलेलं असतं ना!”

त्या रात्री बक्षीस त्यालाच मिळालं. फोटोसाठी शोधाशोध झाली, तर हा मागे वडिलांबरोबर सतरंज्या गुंडाळतोय. फेटा काढलेला, मिशी तशीच. कुणीतरी खवचटपणे ओरडलं, “काय पाटील, सतरंज्या उचलताय?”

त्यानं मान वर केली आणि त्याच आवाजात म्हणाला, “वाडा आमचा, सतरंज्या आमच्या. तुमी एक टोक धरा की!”

सगळे हसले. मीही हसलो, आणि टोक धरलं. पण माझ्या वडिलांना मी त्या संध्याकाळी सायकल फाटकापासून लांब लावायला सांगितली होती, ते तेव्हा नेमकं आठवलं.

शिपाईकाका तेवढं म्हणाले, “आधी मिशी काढ. डिंक वाळला की कातडं सोलतंय.” खोबरेल तेलाची बाटली त्यांनी खिशातच आणली होती.