नव्या चाकूचं अप्रूप ओसरतं तेव्हा

नवा घडीचा चाकू जाहीर झाला की त्याच्या माहितीत काय असणार हे आधीच सांगता येतं. पोलाद कोणतं, उघडं पातं अडकवून धरणारं लॉक कोणतं, मुठीला काचतंतूचं जी-१० की राळेत दाबलेल्या कापडाचं मायकार्टा की टायटॅनियम, पातं फिरतं तिथं चकतीसारखे वॉशर की गोळ्यांचं बेअरिंग, आणि नग किती निघणार. धारेच्या अगदी मागे पातं किती जाड आहे, हा आकडा मात्र क्वचित दिसतो. कापायचं काम बरंचसं त्याच आकड्यावर चालतं. बरीच वर्षं चाकू जमवलेल्या माणसाला नव्या मालाची ओढ वाटेनाशी होते, त्याचं मोठं कारण मला हेच वाटतं. हौस आटलेली नसते. डोळा तयार झालेला असतो, आणि त्याला जे बघायचंय ते जाहिरातीत सापडत नाही.

दुसरं कारण काळाचं. घडीच्या चाकूत खरोखर नवं काही यायला वर्षंच्या वर्षं जातात. ओपिनेल या फ्रेंच चाकूच्या मुठीवरची, पातं अडकवणारी फिरती कडी १९५५ची. पाठीला लॉक असलेला बक कंपनीचा ११० हा १९६४चा. पात्याला गोल भोक पाडून एका हाताने उघडणारा चाकू स्पायडर्को कंपनीने १९८१ साली आणला. चाकू घडवणाऱ्या मायकल वॉकरचं लायनर लॉक (मुठीच्या आतली पट्टी पात्याच्या बुडामागे येऊन टेकते) आणि ख्रिस रीव्हचं फ्रेम लॉक (मुठीचाच एक भाग ती पट्टी होतो) त्याच दशकातली. बेंचमेड कंपनीचं आडव्या पिनेचं ॲक्सिस लॉक १९९८चं, क्रूसिबल कंपनीचं एस३०व्ही पोलाद २००१चं, मॅग्नाकट पोलाद २०२१चं. नवख्याला हे सगळं एकाच वर्षात भेटतं, म्हणून त्याला रोज दिवाळी असते. जुन्या माणसाने यातलं प्रत्येक त्या त्या वेळी पाहिलेलं असतं, आणि मधल्या वर्षांत त्याच्यापुढे येते ती याच तुकड्यांची नवी जुळवाजुळव. ॲक्सिसच्या पेटंटची मुदत संपली आणि आडव्या पिनेचं लॉक सगळ्यांकडे आलं. हे चांगलंच झालं, पण तिसाव्या चाकूत तेच लॉक बघून कुणाचा हात शिवशिवत नाही.

अशा वेळी मी सांगेन की व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं जबड्याचं माप, घ्या आणि पेटीतले सगळे चाकू मोजून काढा. धारेची चकाकती पट्टी जिथं संपते त्याच्या लगेच वर, व्हर्नियरच्या जबड्याचा टोकाकडचा पातळ भाग लावून जाडी बघायची. मुठीजवळ एकदा, पात्याच्या पोटाच्या गोलाईत एकदा, टोकापासून सेंटीमीटरभर अलीकडे एकदा. जबडा धारेवर घसरू द्यायचा नाही, नाहीतर धारही बसते आणि व्हर्नियरला ओरखडाही पडतो. तिन्ही आकडे वहीत लिहून ठेवा. ०.३ मि.मी.च्या आसपास आलं तर तो चाकू कांदा, मोसंबी, आंबा मनासारखा चिरेल. ०.६ किंवा ०.७ आलं तर पोलाद कितीही भारी असू द्या, गाजर चिरताना फरक कळतो. पातळ पातं गाजरातून खाली उतरतं आणि काप जागेवर पडून राहतो. जाड पातं अर्ध्यावर अडकतं, मग गाजर तड्कन फुटतं आणि वरचा तुकडा उडून जातो. त्या क्षणी धार काहीच कापत नसते, पात्याची जाडी पाचर ठोकल्यासारखी गाजर फाडत असते.

धार पाजवतानाही हाच आकडा आडवा येतो. दोन्ही बाजूंना २० अंशांची धार धरली तर ०.३ मि.मी. जाडीवर धारेची पट्टी जेमतेम ०.४४ मि.मी. रुंद पडते. जाडी ०.६ असेल तर ती ०.८८ होते. म्हणजे दर वेळी दुप्पट रुंदीचा धातू घासायचा. कोन २० वरून १५ वर न्यायचा ठरवला तर या जाड पात्याचा घासायचा धातू पातळ पात्याच्या चौपट होतो, कारण तिथं पट्टीच्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ मोजावं लागतं. ‘याला धारच लागत नाही’ म्हणून पेटीच्या तळाशी गेलेले बरेच चाकू या गणिताने तिथं गेलेले असतात.

त्यांना बाहेर काढा आणि पातळ करा. नव्या चाकूच्या किमतीपेक्षा फार कमी खर्चात हिऱ्याची पूड बसवलेली एक ३०० ते ४०० ग्रिटची (म्हणजे जाडसर कणांची) डायमंड प्लेट येते, तेवढी पुरते. पात्याच्या उतारावर मार्करने शाई फासायची, पातं प्लेटवर जवळजवळ आडवं, ८ ते १० अंशांवर ठेवायचं. पात्याची उंची २५ मि.मी. असेल तर १० अंशांसाठी पाठ प्लेटपासून साधारण ४.३ मि.मी. उचललेली हवी, आणि शेवटी २० अंशांची धार लावताना ८.५ मि.मी. एका बाजूला पंचवीस वेळा घासायचं, मग दुसऱ्या बाजूला पंचवीस वेळा, मग पुन्हा व्हर्नियर. शाई कुठे उरली ते बघत राहायचं. फक्त धारेलगतची गेली तर पाठ जास्त उचलली गेलीय, फक्त वरची गेली तर कमी. टोकाजवळ हात हलका ठेवा, तिथं धातू थोडा असतो आणि टोक बघता बघता गोल होतं. कठीण पोलादाला दोन-तीन तास सहज लागतात. ०.३ झालं की थांबायचं. त्याच्याही खाली गेलात आणि मग त्या चाकूने लाकूड तासलं किंवा पातं अडकवून पिळलं, तर धारेचे टवके उडतील. पात्याला काळा लेप असेल तर तो जाणार, ओरखडे दिसणार, आणि विकायला काढलात तर किंमत पडणार. हे मान्य असेल तरच हात घाला. डब्यात बंद राहणाऱ्या नगाला हात लावायची गरज नाही.

पोलादाबद्दल एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. आपल्याकडचा कुरुंदाचा दगड म्हणजे मुळात ॲल्युमिनियम ऑक्साइड. एस३०व्हीमध्ये साधारण ४ टक्के व्हॅनेडियम असतं, आणि कार्बनशी जुळून त्याचे जे कार्बाइडचे कण तयार होतात ते कुरुंदापेक्षा कठीण असतात. कुरुंदावर घासलं की भोवतालचं पोलाद झिजतं, कण तसेच राहतात, आणि धार लागल्यासारखी वाटून दोन दिवसांत जाते. अशा पोलादाला हिराच हवा. व्हिक्टोरिनॉक्सचं ५६ रॉकवेल कठीणपणाचं पोलाद किंवा ओपिनेलचं कार्बन पोलाद मात्र साध्या दगडावर दहा मिनिटांत दाढी करण्याइतकं तयार होतं.

सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे विळी द्यावी, कोयता द्यावा, खुरपं द्यावं. संग्रहातला चाकू देऊ नये. त्याचं चाक कोरडं चालतं, ठिणग्या उडतात, आणि धारेची कडा इतकी पातळ असते की उष्णता तिथंच साचते. साध्या कार्बन पोलादाच्या कडेवर गवती पिवळा रंग आला तर ती २२० अंश सेल्सिअसच्या आसपास गेली, निळा आला तर ३०० च्या जवळ; स्टेनलेसला हेच रंग याहून जास्त तापमानाला येतात. बरीच स्टेनलेस पाती या २२० अंशांच्याही खालच्या तापमानाला टेंपर केलेली (कडक करून मग बेताने तापवलेली) असतात. मग पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं आणि तेवढी कडा मऊ पडते. वरून धार झकास दिसते, पण टिकत नाही. ती मऊ कडा दगडावर पाणी घालून सावकाश घासून काढली की खालचं चांगलं पोलाद पुन्हा लागतं, पण पात्याची थोडी उंची गेली ती गेली.

लॉकचं थोडक्यात. लायनर किंवा फ्रेम लॉकची पट्टी पात्याच्या बुडाला तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत टेकलेली असावी. पार पलीकडच्या बाजूला गेली असेल तर झीज झालीय. टायटॅनियमची पट्टी पोलादाला चिकटून सुटेनाशी होते, तेव्हा टेकण्याच्या जागेवर साध्या पेन्सिलीच्या दोन रेघा ओढा, ग्रॅफाइटने काम होतं. आडव्या पिनेच्या लॉकमध्ये तारेच्या दोन बारीक स्प्रिंगा असतात. एक तुटली तरी लॉक लागतं, म्हणून पुष्कळांना ती तुटल्याचं कळतही नाही. पिन एका बाजूने ढिली वाटली की उघडून बघा.

आता हवा. मराठवाड्यात चाकूला दोन शत्रू आहेत, एप्रिल-मेमधला फुफाटा आणि नंतरचा पाऊसकाळ. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते. बेअरिंगच्या चाकूत ती गोळ्यांच्या मार्गात शिरते, तेलात कालवली जाते आणि उघडताना कचकच लागते. शेतात वापरायच्या चाकूला मी फॉस्फर ब्राँझचे साधे वॉशरच पसंत करतो, पुसून दोन थेंब तेल सोडलं की झालं. नव्या मालात बेअरिंगचा जो सुळसुळाट आहे तो टेबलावर चाकू उघडमीट करणाऱ्याच्या सोयीचा आहे, हुरड्याच्या शेतात त्याचा उपयोग नाही.

पावसाळ्यात डी२ या पोलादाला गंजाचे ठिपके पडतात आणि लोकांना आश्चर्य वाटतं, कारण त्यात जवळपास १२ टक्के क्रोमियम असतं. त्यातलं बरंचसं कार्बाइडमध्ये अडकून पडतं, गंज अडवायला मोकळं थोडंच उरतं. मॅग्नाकटमध्ये क्रोमियम याहून कमी, १०.७ टक्के, तरी ते गंजाला कितीतरी चांगलं टिकतं, कारण त्यात क्रोमियमचे कार्बाइड बनूच दिलेले नाहीत. गेल्या काही वर्षांत मनापासून कौतुक करावं असं हेच एक पोलाद निघालं.

तेल कोणतं लावता यावर खूप काही आहे. आपल्या घरात करडईचं आणि जवसाचं तेल असतं, आणि हात आधी त्याच्याकडे जातो. दोन्ही तेलं हवेत सुकतात. ओपिनेलच्या बीच लाकडाच्या मुठीला ती उत्तम, लाकडात मुरून घट्ट होतात. तीच पात्याला किंवा पातं ज्यावर फिरतं त्या खिळ्याच्या जागी लावली तर महिन्या-दोन महिन्यांत गुळाच्या पाकासारखी चिकटतात आणि चाकू उघडत नाही. खोबरेल सुकत नाही, पण डिसेंबरच्या थंडीत थिजतं. खिळ्याला शिलाई मशीनचं तेल आणि फळं कापायच्या पात्याला औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन, यापलीकडे काही लागत नाही. पावसाळ्यात ओपिनेलचं लाकूड फुगून पातं आत आवळलं गेलं तर नखाने ओढत बसू नका. कडी मोकळी करा आणि मुठीचं मागचं टोक लाकडी फळीवर ठोका, पातं थोडं वर येतं. मग जोडाच्या फटीत तेल सोडून मूठ आठवडाभर कोरड्या जागी ठेवा.

कातडी म्यानात चाकू ठेवून पेटी बंद करू नका. कातडं दमट हवा धरतं, कमावताना वापरलेली रसायनं त्यात असतात, आणि पितळेच्या कडांवर हिरवा थर चढतो. जुन्या चाकूंमध्ये सेल्युलॉइडच्या मुठीचा एखादा असेल तर तो आजच वेगळा करा. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. मूठ अंगठ्याने जोरात चोळली की कापराचा वास येतो, तीच ओळख. ती कुजायला लागली की आम्ल वाफ सोडते, आणि शेजारच्या चार चाकूंची पाती एका पावसाळ्यात लाल होतात. पेटीत एकाच कोपऱ्यात गंज दिसला तर आधी तिथल्या मुठी हुंगून बघा.

आणि एवढं सगळं केल्यावरही काही नवं आणावंसं वाटलंच, तर जवळ बघा. घिसाडी लोहार ट्रकच्या पाट्याच्या पोलादातून विळे-कोयते घडवतात. त्या पोलादात कार्बन अर्धा-पाऊण टक्क्याच्या दरम्यान असतो, आणि धारेला पाणी नीट बसलं असेल तर कानस तिच्यावरून चावा न घेता घसरते. पाठीवर तीच कानस लगेच धरते. धार कठीण, पाठ चिवट, हे कानशीने तपासून विकत घ्या. शेतीची आणि घरातली हत्यारं शस्त्र नियमांच्या बाहेर आहेत, पण एरवी ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या हत्याराला २०१६च्या नियमांप्रमाणे परवाना लागू शकतो, हे जुनी खंजिरं घेताना ध्यानात असू द्या.

माझा जीव सध्या अडकित्त्यांवर आहे. घडीच्या चाकूत जे जमवणारा शोधतो ते सगळं त्यात आहे: खिळा, पातं, मुठीचा आकार, पितळेवरची कारागिरी. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहिले तर एकाच हत्याराचे किती घाट होऊ शकतात ते कळतं. घेताना दोन्ही दांडे धरून आडवे हलवा. खिळा ढिला असेल तर पातं खालच्या दांड्याच्या बाजूने निसटतं आणि सुपारी चिरण्याऐवजी सटकून जाते. पातं आणि दांडा यांमध्ये फट किती हे उजेडाकडे धरून बघा. खिळा घट्ट करून घ्यायचा तर आधी दोन्ही दांड्यांच्या मध्ये, खिळ्याभोवती, वहीच्या कागदाचा एक तुकडा सरकवायला सांगा. मग ऐरणीवर खिळ्याचं डोकं गोल तोंडाच्या हातोडीने हलक्या ठोक्यांनी बसवायचं, एका बाजूने चार, उलटून चार. कागद न घालता ठोकलं तर दांडे एकमेकांना आवळून बसतात आणि अडकित्ता दोन्ही हातांनीही उघडत नाही. ठोकून झालं की जोडात तेल सोडायचं, दहा-वीस वेळा उघडमीट केली की कागदाचा लगदा बाहेर येतो, आणि खिळ्याला हवी तेवढी कागदाएवढी जागा राहते.